हरलेल्या मतदाराची शंका : यंत्रावर की माणसावर?

अकलूज : २०२४ च्या विधानसभेचा निकाल लागून महिना उलटला होता. कारखान्यांची धुराडी पेटली, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या, मुंबईत शपथविधी झाला, नागपुरात मंत्रिमंडळही वाढले. पण माळशिरस तालुक्यातली निवडणूक काही संपायला तयार नव्हती. चहाच्या टपरीवर बसा, सलूनमध्ये बसा, जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर दोन मिनिटे थांबा, विषय एकच : मारकडवाडी.

देशभरच्या कॅमेऱ्यांनी हे गाव दाखवले, त्यामुळे घटना सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आकडे एकदा नीट समोर ठेवू. माळशिरस या राखीव मतदारसंघातून शरद पवार यांच्या राष्ट्रवादीचे उत्तमराव जानकर १३,१४७ मतांनी निवडून आले. भाजपचे राम सातपुते पडले. मात्र मारकडवाडी या एका गावात सातपुतेंना १,००३ आणि जानकरांना ८४३ मते मिळाली. गावातल्या जानकर समर्थकांना हे पटले नाही. हे गाव आजवर आमच्याच बाजूने राहिले आहे, मग यावेळी उलटे कसे झाले, असा त्यांचा सवाल. त्यांनी ३ डिसेंबरला स्वखर्चाने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. मतपत्रिका छापल्या, मंडप घातला. प्रशासनाने सांगितले की निवडणूक प्रक्रिया संपली आहे आणि अशा मतदानाला कायद्यात जागा नाही. जमावबंदी लागू झाली, गावात पोलीस उतरले, मतदान रद्द करावे लागले आणि वर गुन्हेही दाखल झाले. ८ डिसेंबरला शरद पवार गावात आले. १० तारखेला सातपुते, गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत यांनी त्याच गावात सभा घेतली. ज्या गावाकडे एरवी कोणी फिरकत नाही, तिथे आठवडाभरात दोन्ही बाजूंचे पुढारी येऊन गेले.

यात एक गोष्ट विचित्र आहे आणि ती फारशी कोणी बोलत नाही. एरवी पडलेल्या उमेदवाराचे लोक तक्रार करतात. इथे निवडून आलेल्याचे लोक तक्रार करत होते. आमदार आपला आला, पण राज्य गेले. आणि राज्य साधेसुधे गेले नाही. जूनमध्ये लोकसभेला महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या होत्या. पाच महिन्यांनी विधानसभेला महायुती २३० वर गेली आणि आघाडी ४६ वर आली. भाजपच्या एकट्याच्या १३२. एवढी उलथापालथ माणसाच्या गळी लवकर उतरत नाही. मग तो आपल्या हाताशी असलेला आकडा घेऊन बसतो. मारकडवाडीच्या हाताशी १,००३ आणि ८४३ हे दोन आकडे होते.

त्याच यंत्रांवर जूनमध्ये

भाजपचे लोक लगेच विचारतात की लोकसभेला याच यंत्रांवर माढ्यातून धैर्यशील मोहिते पाटील १,२०,८३७ मतांनी निवडून आले, तेव्हा कोणी मंडप घातला नव्हता. प्रश्न बिनतोड आहे असे वाटते. पण तो प्रश्न त्यांनाही उलटा विचारता येतो. जूनमध्ये त्यांनी निकाल कसा स्वीकारला?

धुळे आठवा. काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. भाजपचे सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि निकाल फिरला. यंत्रावर कोणी बोट ठेवले नाही. बोट ठेवले ते मालेगावच्या माणसांवर. ‘व्होट जिहाद’ हा शब्द त्यांना लावला गेला आणि विधानसभेच्या प्रचारात देवेंद्र फडणवीसांपासून गल्लीतल्या कार्यकर्त्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला. एका गटाने एका उमेदवाराला एकगठ्ठा मते दिली, यात बेकायदा काय आहे हे कोणी सांगितले नाही. एखादे अख्खे गाव एका नेत्याच्या मागे जाते, एखादी जात एका पक्षाकडे वळते, तेव्हा त्याला ‘लाट’ म्हणतात, ‘बालेकिल्ला’ म्हणतात. आपल्या अकलूजला तर बालेकिल्ला हा शब्द नवा नाही.

म्हणजे जूनमध्ये हरलेल्यांनी मतदारावर शंका घेतली आणि नोव्हेंबरमध्ये हरलेल्यांनी यंत्रावर. दोन्हीकडे मनातली गोष्ट एकच आहे : आपण हरूच कसे शकतो? पण या दोन शंका सारख्या नाहीत, आणि मुस्लिम वाचकांनी त्यांच्यातला फरक नीट धरून ठेवला पाहिजे. यंत्रावरची शंका तपासता येते. चिठ्ठ्या मोजता येतात, अर्ज मागता येतात, कोर्टात जाता येते. मतदारावरची शंका तपासायला काहीच साधन नाही. ‘तुम्ही मत दिले ते खऱ्या मनाने दिले नाही, देशाविरुद्ध दिले’ असे कोणी म्हटले तर कोणती चिठ्ठी काढून दाखवणार?

अमेरिकेतही हेच

हा आपल्याकडचाच आजार आहे असे नाही. नोव्हेंबरमध्येच अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. तिथली प्यू ही सर्वेक्षण संस्था दर निवडणुकीनंतर मतदारांना विचारते की निवडणूक नीट पार पडली का. २०२० मध्ये ट्रम्प हरले तेव्हा त्यांच्या मतदारांपैकी फक्त २१ टक्के ‘हो’ म्हणाले. यावेळी ट्रम्प जिंकले आणि तो आकडा ९३ टक्क्यांवर गेला. देश तोच, पद्धत जवळपास तीच, माणसेही तीच. बदलला तो फक्त निकाल. महागाईबद्दल विचारले तरी तसेच होते. आपला माणूस जिंकला की बाजार बरा वाटायला लागतो, हरला की तोच बाजार महाग. अंड्याचा भाव मात्र दोघांना सारखाच पडतो.

हॅरिस यांच्या मतदारांपैकी ८४ टक्क्यांनी, हरूनसुद्धा, निवडणूक नीट झाली असे सांगितले. यामागे एक साधे कारण आहे. कमला हॅरिस यांनी ६ नोव्हेंबरलाच जाहीरपणे पराभव मान्य केला. ६ जानेवारी २०२५ ला त्यांच्याच अध्यक्षतेखाली ट्रम्प यांच्या विजयाची मोजणी संसदेत झाली. त्याच्या चार वर्षे आधी त्याच तारखेला त्याच इमारतीत काय झाले ते जगाने पाहिले. हरलेला मतदार पुष्कळदा आपल्या नेत्याच्या तोंडाकडे बघत असतो. नेता म्हणाला ‘हरलो’, तर तो चडफडत घरी जातो. नेता म्हणाला ‘लुटले’, तर तो रस्त्यावर येतो.

२०२० मधली शंका कशावर होती हेही पाहा. नाव यंत्रांचे होते, पण बोट होते डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, अटलांटा अशा शहरांकडे, जिथे काळ्या मतदारांची संख्या मोठी आहे. जॉर्जिया राज्यात सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या गेल्या. बायडेन यांचीच आघाडी राहिली. तिथले निवडणूक प्रमुख ट्रम्प यांच्याच पक्षाचे होते. तरी ज्यांना मानायचे नव्हते त्यांनी मानले नाही, कारण त्यांची तक्रार मोजणीबद्दल नव्हतीच. कोण मत देतो आहे याबद्दल होती.

आणि यावेळी तर मिशिगनमधल्या डिअरबॉर्नची पाळी आली. अरब आणि मुस्लिम वस्तीचे हे मोठे शहर. गाझावरच्या रागातून तिथल्या अनेकांनी डेमोक्रॅटिक पक्षाची साथ सोडली. शहरात ट्रम्प यांना सुमारे ४२ टक्के, हॅरिस यांना ३६ टक्के आणि ग्रीन पार्टीच्या जिल स्टाईन यांना १८ टक्के मते पडली. निकालानंतर डेमोक्रॅट समर्थकांतून मुसलमानांना बोल लावला गेला. मिशिगन राज्य मात्र सुमारे ८० हजार मतांनी गेले होते, ते एका शहराने घडत नाही. मालेगावने एकगठ्ठा मत दिले म्हणून गुन्हेगार, डिअरबॉर्नने विभागून दिले म्हणून गुन्हेगार. हरलेल्या पक्षाला दोष द्यायला कोणीतरी लागतो, आणि संख्येने कमी असलेला माणूस सगळ्यात सोपा सापडतो.

आपल्या मोहल्ल्यात काय झाले

आता थोडे घरात पाहू. २३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी मोहल्ल्यांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय फिरत होते? अर्धे मेसेज ईव्हीएमचे होते. उरलेले आपल्याच माणसांवरचे. ‘लाडकी बहीणच्या १५०० रुपयांवर आमच्या बायका विकल्या गेल्या.’ ‘घड्याळाला मत देणारे गद्दार.’ ‘पतंगवाल्यांनी घात केला.’ निवडणुकीआधी एका मोठ्या आलिमांनी भाजपला साथ देणाऱ्या मुसलमानांवर बहिष्काराची भाषा केली होती. नंतर त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला, ते बरे झाले. पण ती भाषा ग्रुपवरून गेली नाही.

हे ‘व्होट जिहाद’चेच आपले घरगुती रूप आहे. ज्या बाईच्या खात्यात २०२४ च्या जुलैपासूनचे दरमहा १५०० रुपये जमा होत होते, जिने त्यातून मुलाची फी भरली किंवा सासूचे औषध आणले, तिने त्याचा विचार करून मत दिले असेल तर तो तिचा हिशेब आहे. तुम्हाला तो चुकीचा वाटू शकतो. तिच्याशी वाद घाला, समजावा. पण तिचे मत ‘विकलेले’ आणि आमचे मत ‘विचाराचे’, असे म्हणण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? मत म्हणजे अमानत आहे, ग्वाही आहे, असे आपणच तकरीरींतून ऐकतो. ग्वाही ज्याची त्याने द्यायची असते.

आकडे पाहिले तर चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. मावळत्या विधानसभेत १० मुस्लिम आमदार होते, नव्यातही १० आहेत. त्यांतले तिघे महायुतीचे : कागलचे हसन मुश्रीफ, सिल्लोडचे अब्दुल सत्तार, अणुशक्तीनगरच्या सना मलिक. मुश्रीफ पुन्हा मंत्री झाले, सत्तारांना यावेळी वगळले गेले. मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती इस्माईल फक्त १६२ मतांनी आले, राज्यातला सगळ्यात कमी फरक. तिथे लढत मुसलमान विरुद्ध मुसलमान अशीच होती. औरंगाबाद पूर्वमध्ये इम्तियाज जलील २,१६१ मतांनी पडले, आणि मैदानात इतर पक्षांचेही मुस्लिम उमेदवार होते. उलट अकोला पश्चिममध्ये काँग्रेसचे साजिद खान पठाण १,२८३ मतांनी जिंकले. सांगा, यात ‘मुस्लिम मत’ नावाचा एक गठ्ठा कुठे दिसतो? आपल्यावर आरोप करणारे तो दाखवतात. राग आला की आपणही तो गठ्ठा खरा धरून चालतो आणि ‘तो फुटला’ म्हणून रडतो.

नेत्यांचे तर विचारूच नका. ७ डिसेंबरला ईव्हीएमच्या निषेधात आघाडीच्या आमदारांनी शपथ घेतली नाही, समाजवादी पक्षाच्या अबू आझमींनी त्याच दिवशी घेतली. ठाकरे गटाच्या एका नेत्याने ६ डिसेंबरला बाबरीबद्दल टाकलेल्या पोस्टवरून आझमींनी आघाडी सोडण्याची घोषणा केली. आणि ज्यांनी ७ तारखेला शपथ नाकारली त्यांनी ८ तारखेला घेतली. एका रात्रीत यंत्र सुधारले की काय, असे कोणी विचारले तर राग मानू नये.

अकलूजचा मतदार हरतो म्हणजे काय

माळशिरस तालुक्यात तर ‘आपला पक्ष’ आणि ‘समोरचा पक्ष’ ओळखणेच अवघड. २०१९ मध्येही लढत सातपुते विरुद्ध जानकर अशीच होती. तेव्हा मोहिते पाटील भाजपच्या बाजूला गेले होते आणि सातपुते २,५९० मतांनी आले. २०२४ मध्ये मोहिते पाटील पवारांकडे परतले. ज्या जानकरांशी वर्षानुवर्षे वैर होते, त्यांच्याशी हातमिळवणी झाली आणि जानकर निवडून आले. आमदार रणजितसिंह मोहिते पाटील निवडणुकीनंतरही कागदोपत्री भाजपमध्येच होते, आणि त्यांच्यावर कारवाई करा म्हणून सातपुते मागे लागले होते. उमेदवार तेच दोन. मधला वाडा इकडून तिकडे गेला.

मारकडवाडीचे कोडे इथे थोडे उलगडू शकते. जानकर समर्थकांचा हिशेब असा होता : आमची जुनी मते अधिक मोहिते पाटलांची मते, म्हणजे बेरीज वाढलीच पाहिजे. पण राजकारणात अशी बेरीज दरवेळी होत नाही. ज्या माणसाने वीस वर्षे वाड्याच्या विरोधात म्हणून जानकरांना मत दिले, तो वाडा आणि जानकर एका व्यासपीठावर बघून तिसरीकडे जाऊ शकतो. वाड्याचा माणूसही जुन्या वैऱ्याच्या चिन्हासमोरचे बटण दाबताना अडखळू शकतो. मारकडवाडीत हेच झाले असे माझे म्हणणे नाही. पण यंत्राकडे वळण्याआधी ही शक्यता तपासायला हवी होती, आणि ती कोणी तपासली नाही. गावातच १,००३ माणसे असू शकतात जी दुसरीकडे गेली, हे मान्य करणे सगळ्यात जड जाते.

पुढारी समेट करून मोकळे होतात, मतदार मात्र एकमेकांची तोंडे बघत नाहीत. इंडोनेशियात २०१९ मध्ये प्रबोवो यांनी अध्यक्षपदाचा पराभव नाकारला. जकार्तात दंगल उसळली, तरुणांचे जीव गेले. ऑक्टोबरमध्ये तेच प्रबोवो विजेत्या जोकोवींच्या सरकारात संरक्षणमंत्री झाले, आणि आज ते स्वतः अध्यक्ष आहेत. ज्यांची पोरे गेली, त्यांना काय मिळाले? अकलूजकरांना हा किस्सा परका वाटणार नाही. आपल्याकडे जीव गेले नाहीत, अल्लाहचे शुक्र. पण निवडणुकीपायी भावाभावांचा बोलणे-चालणे बंद झालेली घरे या तालुक्यात आहेत, आणि त्यांचे नेते आता एकाच गाडीत फिरतात.

मंडपातले मतदान काय सिद्ध करणार होते?

प्रशासनाने मारकडवाडीत जमावबंदी लावली ते चुकीचे झाले असे मला वाटते. गावकऱ्यांनी आपापसात कागदावर शिक्के मारले असते तर निकाल काही बदलला नसता. पोलिसांनी ते दाबले म्हणून शंका दुप्पट झाली. लपवण्यासारखे काही नसेल तर एवढी फौज कशाला, हे पोरालाही सुचते.

पण समजा मतदान झाले असते. दारात कॅमेरे, मंडपात आमदारांचे कार्यकर्ते, आणि कोण येतो, कोण येत नाही हे अख्खे गाव बघणार. सातपुतेंना मत दिलेला माणूस तिथे आला असता का? न येणेच त्याची ओळख ठरले असते. गुप्त मतदान हे छोट्या गटासाठी सगळ्यात मोठे कवच असते. एखाद्या गावात आपली पंधरा-वीस घरे असतात. त्यांनी कोणाला मत दिले हे गावाला कळणार असेल तर त्यांना मोकळेपणाने मत देता येईल का? मारकडवाडीच्या मागणीला टाळ्या वाजवताना हा विचार आपल्यापैकी फार थोड्यांनी केला.

इथेच आणखी एक मुद्दा आहे. पूर्वी कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळता येत होत्या. कुठल्या वस्तीने कोणाला किती दिले, हे झाकले जायचे. यंत्र आले आणि केंद्रवार आकडे उघडे पडले. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ वापरावे असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्येच दिला होता. विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने ते होऊ दिले नाही. ‘अमुक मोहल्ल्यातून आम्हाला शून्य मते, तिथे निधी कशाला’ ही भाषा केंद्रवार आकड्यांवरच उभी आहे. ‘व्होट जिहाद’सुद्धा. पण गंमत अशी की तेच आकडे नसते तर मारकडवाडीला शंका घ्यायलाही जागा नव्हती. जुन्या पद्धतीने मिसळून मोजले असते, तर १,००३ आणि ८४३ हे आकडे गावाला कधी कळलेच नसते. मतपत्रिका परत मागणाऱ्यांनी हे दोन्ही एकदम हवे असे म्हणता येणार नाही. मला विचाराल तर आकडे मिसळलेले बरे, पण प्रत्येक केंद्राची चिठ्ठी मात्र जपलेली हवी.

कागद कुठे आहेत

यंत्रावरची शंका कागदाने तपासता येते, असे वर म्हटले. मग कागद मिळतात का? इथे निवडणूक आयोगाची बाजू लंगडी पडते.

प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठ्या टाकून पाच केंद्रे निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. राज्यात २८८ मतदारसंघांतली अशी १,४४० केंद्रे झाली, आणि कुठेही फरक आढळला नाही असे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. हा आकडा लहान नाही, तो उडवून लावू नये. पण तुमच्या गावचे केंद्र त्या पाचात नसेल तर तुम्हाला काय?

सुप्रीम कोर्टाने २६ एप्रिलच्या निकालात एक वाट दिली. मतदारसंघातल्या पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. २०२४ मध्ये एका संचाला जीएसटी धरून ४७,२०० रुपये भरायचे होते, मागणी निकालापासून सात दिवसांत करायची. मात्र ती करू शकतो फक्त दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार. म्हणजे माळशिरसमध्ये हा हक्क होता सातपुतेंना, ज्यांना मारकडवाडीच्या आकड्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. जानकर जिंकले म्हणून त्यांना तो नव्हता.

दुसरी वाट हायकोर्टाची. निवडणूक याचिका ४५ दिवसांत दाखल करता येते, अनामत २,००० रुपये. उमेदवारच नव्हे, त्या मतदारसंघातला कोणताही मतदार ती करू शकतो. या निवडणुकीसाठी ही मुदत ७ जानेवारी २०२५ ला संपली. पण याचिकेत मागायचे काय, तर निवडून आलेल्याची निवड रद्द करा. मारकडवाडीच्या जानकर समर्थकाला कोर्टात जायचे असेल तर जानकरांविरुद्धच जावे लागेल! राज्यभरातले चित्र बघून शंका आलेल्या साध्या मतदाराला, ज्याचा उमेदवार जिंकला आहे, त्याला कायद्यात दारच नाही. मग तो मंडप घालतो. त्याला हसण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

त्यातच हे पाहा : वकील महमूद प्राचा यांच्या अर्जावर पंजाब-हरियाणा हायकोर्टाने ९ डिसेंबरला हरियाणा विधानसभा निवडणुकीचे चित्रीकरण आणि कागदपत्रे देण्याचा आदेश दिला. २० डिसेंबरला केंद्र सरकारने निवडणूक नियमांतला ९३ वा नियमच बदलला. सीसीटीव्हीसारख्या गोष्टी सर्वसामान्यांना बघता येणार नाहीत अशी सोय झाली. ज्याला लोकांचा विश्वास हवा आहे तो अशा वेळी दार उघडतो, कडी लावत नाही.

केनियात २०१७ मध्ये अध्यक्षपदाचा निकाल लागला, विरोधी उमेदवार ओडिंगा सुप्रीम कोर्टात गेले. भांडण मुख्यतः मतदान केंद्रांवरच्या निकालपत्रांचे होते : ती वर कशी पाठवली, नीट तपासली का. कोर्टाने अध्यक्षाचीच निवड रद्द केली. २०२२ मध्ये ओडिंगा पुन्हा हरले, पुन्हा कोर्टात गेले. यावेळी अर्ज फेटाळला गेला. निकाल पटला नाही, पण कोर्टाचा मान राखतो, असे ते म्हणाले. एकदा दार खरोखर उघडते हे दिसले, की पुढच्या वेळी बंद दाराचाही माणूस मान ठेवतो.

आपल्याकडचे तसले निकालपत्र म्हणजे नमुना १७ सी. मतदान संपले की केंद्रावर किती मते पडली याचा हिशेब या अर्जावर लिहितात. हजर असलेल्या प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीला त्याची सही केलेली प्रत मिळते. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा याच्याशी जुळवायचा असतो. आता प्रामाणिकपणे सांगा, आपल्या मोहल्ल्यातल्या केंद्रांवर बसलेल्या पोरांपैकी किती जणांनी ती प्रत मागून घेतली आणि जपून ठेवली? बहुतेक जण सहा वाजता बिर्याणीच्या पाकिटाकडे वळलेले असतात. ग्रुपवर ईव्हीएमचे दोनशे मेसेज टाकणाऱ्याकडे आपल्या केंद्राचा १७ सी नसतो.

अकलूजची नगरपरिषद २०२१ मध्ये झाली. २०२४ संपेपर्यंत तिच्यासाठी अकलूजकरांनी एकदाही मत दिलेले नव्हते, ओबीसी आरक्षणाचा खटला सुप्रीम कोर्टात अडकला होता आणि कारभार प्रशासकाकडे होता. अशा निवडणुकीत प्रभाग छोटे असतात, फरक दहा-वीस मतांचाही असू शकतो, आणि कुठल्या गल्लीने कोणाला दिले हे लगेच सगळ्यांना कळते. राज्य निवडणूक आयोगाच्या या निवडणुकांत यंत्राला व्हीव्हीपॅट जोडलेले नसते. मोजायला चिठ्ठीच नसते. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीलाही तेच. मारकडवाडीत ज्यांनी कागदासाठी मंडप घातला आणि ज्यांनी तिथे येऊन भाषणे केली, त्यांच्यापैकी कोणी ही मागणी राज्य आयोगाकडे लेखी नेली का, हे विचारायला हवे.